मेणाची टाकी आणि एक टाळी

घरात तिला सगळे खटपटच म्हणत, आणि नाव सार्थ करायला तिने गच्चीवर मेणाची टाकी बसवली होती. उन्हाने तापलेलं पाणी दिवसभर नळीतून फिरून मेण वितळवणार आणि सूर्य बुडाला की तेच मेण गोठता गोठता नळीतलं पाणी तापवणार. कशासाठी? तर बाबांसाठी. जन्मभर लोखंडी पत्रे कापून त्यांची बोटं आखडली होती; गरम पाण्यात भिजली की तेवढी मोकळी व्हायची. पूर्वी तिचा कुठलाही उद्योग जमला की बाबा खणखणीत टाळी द्यायचे. ती टाळी मिळून फार दिवस झाले होते आणि खटपटीला ती हवी होती, बस्स.

पण मेण निघालं महाआळशी. नळीला चिकटलेलं मेण आधी गोठे, तिच्याभोवती गोधडी गुंडाळल्यासारखं बसे, आणि मागची ऊब मागेच अडके. पाणी यायचं कोमट.

"हे माशांना पोहायला द्या," आई म्हणाली.

उपाय खटपटीला ठाऊक होता: नळीला तांब्याचे पातळ पंख जोडायचे, म्हणजे ते लांबच्या मेणातली ऊब ओढून आणतील. बाबांनी रेषा सांगायच्या, तिने कापायचं. पण दोघं एकाच माळेचे मणी!

"अजून एक लाव."

"बाबा, इथे दोन मावतील!"

झाकण लावताना लक्षात आलं, पंखांनीच जागा खाल्लीय आणि काढून ठेवलेलं निम्मं मेण बादलीतच उरलंय. "असू दे," दोघं एका सुरात म्हणाली.

संध्याकाळी वाफाळतं पाणी आलं. खटपट नाचली. एक मग भरतो न भरतो तोच पाणी गार! ऊब साठवायला मेणच कुठे होतं?

"वाढपी ढीगभर आणि पातेलं रिकामं," आई म्हणाली. बाबांना हसून हसून ठसका लागला.

दुसऱ्या दिवशी निम्मे पंख उपटले आणि उरलेलं मेण ओतलं. संध्याकाळी घमेलं भरलं तरी पाणी गरमच. बाबांनी हात बुडवले. खटपट टक लावून बघत राहिली. हळूहळू एकेक बोट सुटलं.

"काय बघतेस? दे टाळी!"

टाळी फुसकी होती, ओली होती, पाणी थेट तिच्या चष्म्यावर उडालं. खटपटीने लगेच आणखी एक मागून घेतली.