वळणावरचा येन

कुऱ्हाडीचा पहिला घाव पडला तेव्हा सुकरी झाडाखाली वाकून मोहफुलं वेचत होती. मार्च महिना, सन दोन हजार एक. टोपली अर्धी भरली होती. फुलं नीट दिसावीत म्हणून तिनं बुंध्याभोवतीचा पाला आदल्या दिवशीच जाळला होता. एक ओंडका अजून धुमसत होता.

पोंभुर्णा तालुक्यातल्या आमच्या गावात प्रत्येक मोहाला घर आहे. कागदावर झाड सरकारचं. पण कोणता मोह कोणाच्या घरचा, हे गावात सगळ्यांना पाठ. वळणावरचा मोह आधी सुकरीच्या सासऱ्याचा, मग नवऱ्याचा, आणि नवरा गेल्यावर तिचा. तिची चूल त्याच्यावर पेटायची.

त्या दिवशी चक्का जाम होता. मागच्या नोव्हेंबरात देशात तीन नवी राज्यं झाली होती. तसंच विदर्भाचंही व्हावं म्हणून चंद्रपूरचे एक वकील जीप घेऊन आले होते. सोबत चार पोरं, दोन कुऱ्हाडी आणि 'वेगळं राज्य' लिहिलेला एक कापडी फलक. रस्त्यावर आडवं टाकायला झाड हवं होतं. सुकरीचा दीर मंगरू हा त्यांचा गावातला कार्यकर्ता. त्यानं सांगून ठेवलं होतं, "वळणावरचा वाळला येन पाडा. कोनाचा नाई तो." आणि तो माणसं गोळा करायला गावात गेला होता.

वाळलेला येन, म्हणजे ऐनाचं झाड, तीस पावलांवर होता. पण मार्चात मोहाचीही पानं झडलेली असतात. शहरातल्या पोरांना मोहच वाळलेला वाटला.

"ए बाबू, थांब! माहा मोह हाय तो!"

"सरकारी झाड आहे, बाई. बाजूला व्हा," वकील म्हणाले.

"कोन्या सरकारचं?"

"महाराष्ट्र सरकारचं."

"न तुमचं राज आलं तं?"

"मग विदर्भ सरकारचं."

"मंग माहं काय बदललं?"

वकील समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, मुंबईनं आपला कोळसा नेला, लाकूड नेलं, वीज नेली. उद्या राजधानी आपल्या नागपूरला येईल."

"मी मुंबई पायली नाई न नागपूर बी पायलं नाई. मले दोनी सारकेच दूर."

वळणावर कय्यूमचं सायकलीचं दुकान होतं. तो हवा भरायचा पंप हातात घेऊनच बाहेर आला. "वकीलसाब, चुकून राह्यले तुमी. येन तं तिकडं हाय."

"आठ वाजले, रस्ता अडवायची वेळ झाली," कुऱ्हाडवाला पोरगा म्हणाला. "येन काय न मोह काय, लाकूडच आहे ना!"

त्यानं सुकरीला ढकललं. ती पडली, उठली आणि बुंध्यावर हात टेकून उभी राहिली. कुऱ्हाड वर गेलेली होती. ती थांबली नाही. हात दिसलाच नाही, असं पोरगा नंतर म्हणाला. सुकरीच्या उजव्या हाताची दोन बोटं राखेत पडली, फुलांच्या शेजारी.

डाव्या हातानं तिनं धुमसता ओंडका उचलला आणि पोराच्या तोंडावर हाणला. केस जळल्याचा वास सुटला. दुसऱ्यानं तिच्या पाठीत कुऱ्हाडीचा दांडा घातला. कय्यूमनं पंप फिरवला. त्या पोराचं नाक फुटलं.

तेवढ्यात मंगरू तीस माणसं घेऊन घोषणा देत आला. वहिनीचा हात पाहून त्याची घोषणा तोंडातच राहिली.

"काय केलं बे तुमी?"

"येन पाडून राहिलो. तुम्हीच तर सांगितला," तिसरा पोरगा म्हणाला.

"हा येन हाय? हा?"

"मंगरू, शांत हो," वकील म्हणाले. "आंदोलनात थोडंफार होतंच."

मंगरूनं हातातल्या झेंड्याचा दांडा उलटा धरला आणि वकिलांच्या तोंडावर मारला. दोन दात गेले. मग गाव तुटून पडलं. पोरं रांगत जंगलात शिरली. जीप लोकांनी नाल्यात लोटली.

कय्यूमनं फलक फाडून सुकरीचा हात बांधला. 'वेगळं' एवढा शब्द वर राहिला आणि रक्तानं भिजत गेला.

"गाडी आना गा कोनी!" मंगरू ओरडला.

"कोठून आनू?" कय्यूम म्हणाला. "म्होरं तीन जाग्यावर रस्ता बंद हाय. तूच बंद करवला न?"

सुकरीला सायकलच्या कॅरिअरवर बसवून जंगलातल्या पायवाटेनं पोंभुर्ण्याला नेलं. दोन तास लागले. पळसाच्या पानात गुंडाळलेली बोटं डॉक्टरांनी पाहिली आणि परत दिली.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं : तालुक्यात चक्का जाम शांततेत पार पडला.

मोह पडला नाही. पुढच्या मार्चात तो एका बाजूनं फुलला. सुकरी डाव्या हातानं वेचत होती. वकील पुन्हा आले, नवे दात लावून. ठरावाचा कागद काढला, शाईची डबी उघडली. "ताई, झालं ते झालं. गावाचे अंगठे हवेत. राज्य तुमचंच आहे."

सुकरीनं कंबर सरळ केली. "पयले सांगा साहेब, येन कोनता न मोह कोनता?"

वकिलांनी क्षणात मोहाकडे बोट दाखवलं. "हाच मोह. बरोबर?"

"बरोबर. कशावरनं वळखला?"

पायाखाली फुलांचा सडा पडला होता. वकिलांनी खोडाकडे पाहिलं.

"ही कुऱ्हाडीची खोक आहे ना."

सुकरीनं शाईच्या डबीवर झाकण बसवलं आणि ती त्यांच्या हातात दिली.

"जरा पाय उचला," ती म्हणाली. "फुलावर उभे हाय तुमी."