सोळा वर्षांची धर्ममाता

जसिंता तुस्कानोला सोळा पूर्ण होऊन बरोबर अकरा दिवस झाले होते, आणि तिला अठ्ठावन्न वर्षांची मुलगी झाली.

मुलगी म्हणजे धर्माची मुलगी. गव्हाणच्या ठमाबाई गेली दोन वर्षं पनवेलच्या चर्चमध्ये ख्रिस्ती धर्म शिकायला येत होत्या आणि त्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, ईस्टरला त्यांचा स्नानसंस्कार, म्हणजे बाप्तिस्मा, व्हायचा होता. स्नानसंस्कार घेणाऱ्याला एक धर्ममाता लागते, पाठराखीण म्हणा हवं तर. प्रार्थना अडली तर पुढचा शब्द सांगायला, वाट चुकली तर हाक मारायला, आणि सगळ्या चर्चसमोर उभं राहून "ही बाई तयार आहे, मी सांगते ना" असं छातीठोक सांगायला. तिचं वय सोळा पूर्ण हवं आणि बिशपांच्या हातून कपाळाला तेल लावून तिचं दृढीकरण, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार, झालेलं हवं. मुलीपेक्षा आई मोठी हवी असं कुठे लिहिलेलं नाही. फादर बेनेडिक्टनी पुस्तकात दोनदा शोधून पाहिलं.

खरं तर फादरांनी आधी जसिंताच्या मम्मीला विचारलं होतं. पनवेलच्या चर्चमध्ये माणसं सगळी बाहेरगावची. कुणी केरळचं, कुणी मंगळूरचं, कुणी गोव्याचं, रसायनीच्या आणि तळोज्याच्या कारखान्यांच्या मागोमाग आलेलं. घरात मराठी बोलणारी कुटुंबं साडेतीन. त्यातलं अर्धं म्हणजे लिली आंटी, त्या फक्त भाजीवालीशी भांडताना मराठी बोलायच्या. तुस्कानो वसईचे, म्हणून अख्खे मराठी. तेव्हा मम्मीच धर्ममाता होणार हे ठरल्यात जमा होतं.

पण ठमाबाई फादरांना म्हणाल्या, "मना ही पोर पायजे."

"ही? ठमाबाई, ही दहावीत आहे."

"आसू दे. माजा उजवा कान गेलाय. सगली बोलतात त्ये मना माशा घोंगावल्यागत वाटतं. ही वाचाया उभी रायली का शेवटच्या बाकाव शब्द न् शब्द येतो."

हे मात्र खरं होतं. वर्षभरापूर्वी जसिंताचा आवाज पहिल्या बाकावरसुद्धा पोचत नसे. दुकानात रिबीन मागायची तर ती धाकट्या भावाला पुढे ढकलायची. मग दृढीकरण झालं, फादरांनी वाचनाला उभं केलं, माईक बंद पडला, आणि चिडून ती जी ओरडून वाचायला लागली ती लागलीच. त्यानंतर वर्गात हात वर, एसटीच्या कंडक्टरशी वाद, सगळं आपोआप सुरू झालं. मम्मी म्हणायची, "बिशपांनी कपाळाला तेल लावलं का जिभेला, कळत नाही."

धर्ममातेची बातमी ऐकून मम्मीने कपाळावर हात मारला. "परीक्षा तोंडावर आलीय आणि या बाईला मुलगी झाली."

ठमाबाईंना मात्र यात काहीच वावगं वाटलं नाही. एसटी स्टँडवर गावची कुणी भेटली की त्या जसिंताचा दंड धरून पुढे करायच्या. "ही बग, माजी धर्माची आय." समोरची बाई वेणीपासून कॅनव्हासच्या बुटांपर्यंत आयला निरखायची आणि पदरात हसायची. जसिंताही मग ऐटीत म्हणायची, "लेकीला सांभाळून न्या हं, उजव्या बाजूने बोलू नका."

ठमाबाईंचा जन्म मिठागरात गेला होता. नवरा अनंता वारला, मिठागर बंद झालं, आणि एकदा चष्म्यासाठी पनवेलला आलेल्या असताना गव्हाणची एसटी चुकली. पुढची दोन तासांनी. ऊन मी म्हणत होतं, चर्चचं दार उघडं होतं. "आत जाऊन बसले. कोनी उठवला नाय, कोनी इचारला नाय. नवरा गेल्यापून पयल्यांदा माजा डोका गप झाला," असं त्या सांगायच्या. मग मुद्दाम एसटी चुकवायला लागल्या. फादरांनी त्यांना तीनदा घरी पाठवलं, मुलाला विचारून या म्हणून. मुलगा हरेश म्हणाला, "आये, तू जा. पन देव्हाऱ्याला हात लावायचा नाय." त्यावर ठमाबाई म्हणाल्या, "त्यो तुज्या बापानं मांडलेला हाय, मी कशाला हात लावू?" घरातला वाद तेवढ्यावर मिटला.

शिकणाऱ्यांचा एक नियम असतो. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, प्रवचन झालं की त्यांनी बाहेर पडायचं, कारण पुढचा भाग स्नानसंस्कार झालेल्यांचा. त्यामुळे दर रविवारी साडेआठच्या मिस्सेत, पाऊण तास झाला की ठमाबाई उठायच्या, आणि त्यांना सोबत म्हणून जसिंताही उठायची. जसिंता पहाटेची मिस्सा आधीच करून आलेली असायची. मग दोघी चर्चच्या पायरीवर बसून त्या दिवसाचं बायबलमधलं वाचन पुन्हा वाचायच्या. आत गाणी चाललेली, बाहेर या दोघी.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी वाचन होतं, 'तुम्ही पृथ्वीचे मीठ आहा.' जसिंताने घसा साफ केला आणि मराठीच्या पेपरात लिहितात तसं सांगायला लागली. "म्हणजे मावशी, मीठ जसं पदार्थाला चव आणतं, तसं आपण समाजाला..."

"तू मिठागर बगितलंस?"

"लांबून. एसटीतून."

"मंग आयक. मीठ असंच नाय होत. खाडीचं पानी आत घ्यायचं, सुकवायचं. पन शेवटाला कडू पानी रातं तळाला, त्ये येळेवर काढाया लागतं. नाय काढलं त सगली रास कडू. दिसाया पांढरी, तोंडात घातली का थू." ठमाबाईंनी खरंच थुंकल्यासारखं केलं. "आता वाच पुढं."

जसिंताने पुस्तकाकडे पाहिलं, ठमाबाईंकडे पाहिलं, आणि तिला पहिल्यांदाच शंका आली की या दोघींत नक्की कोण कुणाला शिकवतंय.

मिस्सा सुटली की लोक बाहेर यायचे. पायरीच्या मधोमध ठमाबाई बसलेल्या असायच्या. ओढ्यातल्या दगडाला वळसा घालून पाणी दोन्ही बाजूंनी जातं ना, तसे लोक त्यांच्या दोन्ही बाजूंनी उतरायचे. वाईट कुणीच नव्हतं. हसायचे, मान हलवायचे, 'गुड मॉर्निंग' म्हणायचे, आणि बदामाच्या झाडाखाली लिली आंटींच्या चहाच्या टेबलाकडे जायचे. तिथे एकदम चार भाषांचा कलकलाट. मैत्रिणी हाका मारायच्या, "जसिंता, बिस्किटं संपतायत." जसिंता म्हणायची, "मावशी, आलेच हं," आणि पळायची. परत येईपर्यंत ठमाबाई एसटीला गेलेल्या असायच्या.

ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला रविवार आला. त्या दिवशी ठमाबाईंचं नाव बिशपांकडे पाठवायचं होतं. ईस्टरला ज्यांना घ्यायचं त्यांची यादी दुपारपर्यंत पोचायला हवी होती. नाव गेलं तर या ईस्टरला, राहिलं तर पुढच्या वर्षी. फादरांनी जसिंताला आठवडाभर आधीच कागद दिला होता. तीन प्रश्न, तिन्हीचं उत्तर 'होय'. जसिंताने आरशासमोर तीन प्रकारचे होय बसवले होते. पहिला साधा, दुसरा जरा भारदस्त, तिसरा अगदी शेवटच्या बाकासाठी.

प्रवचन संपलं. ठमाबाई हिरव्या नऊवारीत पुढे उभ्या राहिल्या, जसिंताने नियमाप्रमाणे त्यांच्या खांद्यावर उजवा हात ठेवला. दोनेकशे लोक बघत होते. फादर एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत विचारत होते.

"यांनी प्रभूचं वचन मन लावून ऐकलं आहे का?"

"होय." मिठाची गोष्ट तिच्या डोळ्यांसमोर आली. ऐकलं म्हणजे काय, एक कान नसताना ऐकलं.

"त्या वचनाप्रमाणे जगायला सुरुवात केली आहे का?"

"होय." हाही चांगला जमला.

"या मंडळीच्या प्रार्थनेत आणि सहवासात त्या मिसळल्या आहेत का?"

जसिंताने तोंड उघडलं. तिसरा होय तयार होता, शेवटच्या बाकासाठीचा. पण तिच्या हाताखालचा तो खांदा इतका ताठ होता, नवीन शाळेत पहिल्या दिवशी आपला असतो तसा, आणि तिला पायरी दिसली. दोन्ही बाजूंनी उतरणारे पाय दिसले. त्यात पांढरे कॅनव्हासचे बूटसुद्धा होते.

"नाही," ती म्हणाली.

आवाज तसा बसवलेलाच होता, त्यामुळे तो शेवटच्या बाकापर्यंत गेला. भाषांतराची कुणालाही गरज पडली नाही.

फादरांनी चष्मा वर केला. "काय म्हणालीस?"

"त्या येतात फादर, दर रविवारी येतात. पण आपण कुणी त्यांच्यात मिसळत नाही. चहालासुद्धा त्यांना कुणी बोलवत नाही. मीपण नाही. मी बिस्किटांकडे पळते." शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज फुटला, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलोय. दोन वर्षं एसटीचे धक्के खाऊन आलेल्या बाईचा ईस्टर आपण आपल्या तोंडाने घालवला. तिसऱ्या रांगेत मम्मीने डोळे मिटून घेतले होते.

फादर हळूच म्हणाले, "जसिंता, तू नाही म्हटल्यावर मी नाव कसं पाठवू?"

ठमाबाईंना यातलं अर्धंच ऐकू आलं असावं. त्यांनी मान वळवून डावा कान पुढे केला. "काय झाला गो?"

जसिंताने त्यांच्या कानाशी सांगितलं. सगळं, जसंच्या तसं.

"नाय म्हनालीस?" ठमाबाई म्हणाल्या. मग फादरांकडे वळल्या. "फादर, पोर बोलली त्ये खोटं नाय. पन पुरतं खरं पन नाय. दोघं-तिघं जमली का त्यांच्यात देव आसतो, आसं तुमीच शिकवलात ना? मंग आमी दोघी हाव की पायरीव दर आयतवारी." त्यांनी पदर सावरला आणि सगळ्या बाकांवरून नजर फिरवली. "तिसरा कोन येतो त्ये बगा."

फादरांनी यादीचा कागद घडी न घालता पुस्तकावर ठेवला. "बिशपांचा लखोटा मी चहानंतर बंद करीन," ते म्हणाले, आधी मराठीत आणि मग सावकाश इंग्रजीत, आणि नेहमीसारखं ठमाबाईंना बाहेर जायला सांगितलं.

दोघी मधल्या वाटेने निघाल्या. जसिंताचे कान तापले होते. दाराशी कुरियन अंकल उभे होते, लोकांना बाकांवर नीट बसवायचं काम त्यांच्याकडे. शिस्तीचा माणूस, उशिरा येणाऱ्याकडे असं बघायचे की माणूस पुढच्या रविवारी पंधरा मिनिटं आधी यायचा. त्यांनी दार उघडून धरलं, दोघींना बाहेर जाऊ दिलं, आणि मग स्वतःही बाहेर आले.

"अंकल, मिस्सा चालू आहे," जसिंता म्हणाली.

"माझा सहा वाजताचा झाला." त्यांनी खिशातून रुमाल काढला, पायरी झटकली आणि पँटची इस्त्री सांभाळत ठमाबाईंच्या डाव्या बाजूला बसले. मग म्हणाले, "माझी मराठी चांगला नाही."

"माजी पन नाय," ठमाबाई म्हणाल्या. "हरेशचा पोरगा हसतो मना."

जसिंताने वाचन काढलं. तिने वाचलं, ठमाबाईंनी मधेच थांबवून विचारलं, येशू वाळवंटात चाळीस दिवस राहिला, म्हणजे पाण्याचं काय केलं असेल? कुरियन अंकलनी यावर खरोखर विचार केला. ते कारखान्यात पाणी शुद्ध करायच्या खात्यात होते.

मिस्सा सुटली. पहिल्यांदा लिली आंटी बाहेर आल्या, चहाच्या घाईत. त्या ठमाबाईंना वळसा घालायला लागल्या, आणि अर्ध्या वळशात थांबल्या. बदामाकडे तोंड करून त्यांनी हाक दिली, "अरे, टेबल इधर लाव. इधर, पायरीके पास." मुलांनी किटलीसकट टेबल उचललं. मग त्या स्वतः पायरीवर टेकायला गेल्या आणि बसता बसता कळवळल्या.

"गुडघा?" ठमाबाईंनी विचारलं.

"धोंपर," लिली आंटी आपल्या कोकणीत म्हणाल्या आणि गुडघ्यावर थाप मारली.

"आमच्यात पन ढोपरच." ठमाबाईंनी लुगडं जरा वर करून स्वतःचा दाखवला, मिठागरात तीस वर्षं उकिडवं बसून सुजलेला. कुरियन अंकल म्हणाले, केरळात मुट्टु म्हणतात, आणि त्यांचाही डावा दुखतो. मागून एक तमिळ आजी आल्या, त्यांना कुणी विचारायच्या आतच त्यांनी आपला पुढे केला. कुठलं तेल, गरम करून की तसंच, रात्री की सकाळी, यावर इतक्या भाषांत इतका गलका झाला की मुलं बिस्किटांचा डबा पायरीवरच घेऊन आली.

मम्मी गर्दीतून वाट काढत जसिंताजवळ आली. आता बोलणी खायचीत, म्हणून जसिंताने मान खाली घातली.

"एवढ्या मोठ्यांदा नाही म्हणायची काय गरज होती?" मम्मी म्हणाली, आणि तिच्या हातात दोन कप दिले. "एक तुझ्या लेकीला दे."

यादीचा कागद आणि पेन घेऊन फादर बेनेडिक्ट पायरीच्या वरच्या टोकाला आले. ठमाबाईंची सही हवी होती. त्यांनी एकदा हाक मारली, ती उजव्या कानाच्या बाजूने गेली. दुसऱ्यांदा मारली, तेव्हा लिली आंटींनी मागे न बघताच हात वर करून थांबायला सांगितलं, एरंडेलाचं अजून ठरायचं होतं. फादर मग कागद छातीशी धरून, तमिळ आजींच्या मागे, रांगेत उभे राहिले.