बॅटरीवर चिकटवलेला कोड

सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी टीव्ही, वर्तमानपत्र दोन्ही बंद केलं. उरला गाडीतला रेडिओ. एरवीही ते रोज सकाळी उभ्या गाडीत काचा लावून बसत, बातम्या ऐकत आणि निवेदकाच्या चुका त्याच्या तोंडावर काढत. घरात एवढं निमूट ऐकून घेणारं दुसरं कोण होतं?

जावयाच्या खाती सासऱ्यांचं भिंतीवरचं घड्याळ आणि मिक्सर आधीच जमा होते. दोन्ही त्याने ‘जरा बघतो’ म्हणून उघडले होते, आणि तेव्हापासून त्याला कोणी स्क्रूड्रायव्हर सापडू देत नसे. म्हणून सासरे दवाखान्यात असताना गाडीची मरायला टेकलेली बॅटरी गुपचूप बदलावी, ते घरी येतील तेव्हा गाडी तयार असावी आणि आपली थोडी पत सुधारावी, असा त्याचा बेत. बॅटरी बदलली. गाडी पहिल्या चावीला सुरू झाली, पण रेडिओची वाचा बसली. पडद्यावर एकच शब्द: ‘कोड’.

चोरलेला रेडिओ चोराच्या कामी येऊ नये म्हणून ही सोय. वीज तुटली की तो समोरच्याला चोरच समजतो. जावयाने बायकोचं जन्मसाल दाबलं, मग लग्नाचं, मग घराच्या जुन्या फोनचे शेवटचे आकडे. रेडिओ आणखी फुगून बसला. आता तासभर थांबा म्हणाला.

बायको बाबांना घरी आणायला दवाखान्यात गेली होती. कोड कुठे आहे ते सहज बोलता बोलता काढून घे, असं त्याने तिला फोनवर विनवलं. ती कसली आडवळणाने जाते! तिने सरळ विचारलं आणि उत्तर जसंच्या तसं कळवलं.

“बाबा म्हणतात, बॅटरीवर चिकटवलाय. बॅटरी काढेल त्यालाच कोड लागणार, मग दुसरीकडे कशाला ठेवायचा?”

यात खोट काढायला जागा नव्हती. फक्त ती बॅटरी जावयाने दुकानात देऊन टाकली होती. तिच्यावरचा मळका चिकटपट्टीचा तुकडा त्याने पाहिलाही होता, पण सासऱ्यांच्या प्रत्येक वस्तूला कुठे ना कुठे चिकटपट्टी असायचीच.

रेडिओ बंद केला तर तास पुन्हा पहिल्यापासून मोजला जाईल, म्हणून तो मुका रेडिओ चालू ठेवूनच त्याने गाडी दुकानाकडे पळवली. बॅटरीवाला भंगाराचा टेम्पो भरत होता. जावई टेम्पोत चढला आणि एकेक बॅटरी कुशीवर वळवून पाहू लागला.

“साहेब,” बॅटरीवाला म्हणाला, “नवी घेताना तरी लोक कुठे एवढं बघतात?”

ती सापडली अगदी तळाशी. कागदाचा कोपरा अ‍ॅसिडने खाल्ला होता, पण आकडे शाबूत होते. घराशी पोचेपर्यंत रेडिओचा रुसवा संपला होता. जावयाने जपून आकडे दाबले आणि कोणीतरी हवामान सांगू लागलं. उद्या ढगाळ. इतकी गोड बातमी त्याने आजवर ऐकली नव्हती. तो सीटवर मागे रेलला.

सासरे काळा चष्मा लावून टॅक्सीतून उतरले ते घरात न जाता तडक गाडीत येऊन बसले. निवेदकाची एक चूक काढून झाली. मग हळूच विचारलं, “जावईबापू, नव्या बॅटरीवर लावलात ना कोड?”

“आधी तेच केलं, बाबा.”

सासऱ्यांनी मान हलवली, आवाज वाढवला.

“ते घड्याळ माळ्यावर पडलंय. सवड झाली की तेही बघा.”