न घेतलेलं माप

पोलीस भरतीच्या मैदानावरून माऊली दुपारीच घरी परतला, तेव्हा त्याचे वडील धोंडिबा शाळेच्या गणवेशाची बाही शिवत बसले होते. हर्सूलच्या रस्त्यालगत त्यांचं शिलाईचं छोटं दुकान होतं आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत घर.

"लवकर आलास. काय झालं?"

"उंची कमी भरली, अण्णा. अर्ध्या बोटानं."

धोंडिबांनी मशीनचं चाक हातानं थांबवलं, मुलाकडे एकदा पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, "बरं," म्हणाले आणि बाही पुढे सरकवली.

खरं काय ते माऊलीलाच ठाऊक होतं. त्याची उंची मोजायची वेळच आली नव्हती. रांग पुढे सरकली तसा एका हवालदारानं आवाज दिला, "शर्ट-बनियन काढून हातात घ्या!" भोवतालच्या पोरांनी भराभर शर्ट उतरवले. माऊलीचा हात पहिल्या बटणावर गेला आणि तिथंच अडकला. लघवीला जाऊन येतो असं सांगून तो रांगेतून निघाला, तो थेट घरीच आला.

नववीत असताना त्याची छाती दोन्ही बाजूंनी उभारून आली होती. त्या वयात पुष्कळ मुलांना असं होतं आणि वर्षा-दोन वर्षांत बहुतेकांचं आपोआप जातंही. पण हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्याचं गेलंही नाही. वर्गातल्या पोरांनी एक घाणेरडं नाव ठेवलं, ते दहावीपर्यंत पुरलं. तेव्हापासून तो विहिरीवर पोहायला गेला नाही आणि भर उन्हाळ्यातही कुणासमोर उघडा बसला नाही.

भरतीची तयारी करताना त्याच्या मित्रानं, कृष्णानं, छातीठोकपणे सांगितलं होतं, "जोर मार रे, अंगावरचं समदं जिरतंय." माऊलीनं वर्षभर जोर मारले. दंड भरले, खांदे रुंद झाले, पोट आत गेलं. छाती मात्र कुणी आतून ढकलल्यासारखी अजूनच पुढे दिसू लागली.

त्यातल्या त्यात आधार होता तो अण्णांनी शिवलेल्या शर्टांचा. जाड कापड, गडद चौकडी, छातीवर दोन खिसे आणि खिशांवर झाकणं. कृष्णा चेष्टा करायचा, "माऊल्या, तुझा बाप तुला काय एसटीचा कंडक्टर करणार हाय का?" माऊली हसून सोडून द्यायचा. अण्णांना नवी फॅशन कळत नाही, हे आपलं नशीबच, असं त्याला वाटे.

पुढच्या भरतीचं बोलणं सुरू झालं तसा त्याचा जीव पुन्हा कासावीस झाला. शेवटी धीर करून तो एकटाच शहरातल्या जावेद डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर प्लास्टिक सर्जरी करणारे होते. त्यांनी छाती दाबून पाहिली, कसली औषधं किंवा पावडरी घेतोस का ते विचारलं, रक्ताच्या तपासण्या आणि सोनोग्राफी करायला लावली. रिपोर्ट ठीक आले तेव्हा त्यांनी त्याला समोर बसवलं.

"हे बघ, ही नुसती चरबी नाही. स्तनाग्राच्या मागं घट्ट गाठीसारखी ग्रंथी वाढलीय. व्यायामानं ती विरघळत नाही. तुझा आळशीपणा नाही आणि तुझी चूकही नाही."

माऊलीनं मान खाली घातली. सहा-सात वर्षांत हे वाक्य तो पहिल्यांदाच ऐकत होता.

"ऑपरेशन केलंच पाहिजे असं काही नाही," डॉक्टर म्हणाले. "तुला हवं असेल तर करू. पूर्ण भूल देऊन स्तनाग्राभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेला बारीक छेद घ्यायचा, ग्रंथी काढायची, आजूबाजूची चरबी नळीनं ओढून घ्यायची. व्रण राहतो, पण कडेत मिसळून जातो. कधी आत रक्त किंवा पाणी साठतं, कधी दोन बाजूंत थोडा फरक राहतो. आणि घरचं कुणीतरी सोबत पाहिजे. एकट्याला मी भूल देणार नाही."

माऊलीला ऑपरेशनचं इतकं भय वाटलं नाही, जितकं या शेवटच्या वाक्याचं वाटलं.

दोन दिवस तो दुकानात घुटमळला. तिसऱ्या दिवशी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, अण्णा बटणांची काजं करत बसले होते.

"अण्णा, मला एक ऑपरेशन करायचंय."

"कशाचं?"

माऊलीनं छातीवर हात ठेवला.

धोंडिबांनी सुई कापडात खोचली. "कवा करायचं म्हणतेत डॉक्टर?"

"तुम्हाला... तुम्हाला ठाऊक होतं?"

"नववीपासून तुझे शर्ट कोण शिवतंय रे? दोन-दोन खिसे, वर झाकणं, ते काय मी हौसेनं लावत व्हतो व्हय? एका शर्टाला दोन शर्टांचं काम पडतंय मला."

माऊलीला आता आठवलं, अण्णा त्याचा खांदा मोजत, बाही मोजत, गळा मोजत. छातीला मात्र त्यांनी कधी टेप लावला नव्हता. नजरेनंच अंदाज घेऊन ते सैल कापत.

"आन् ती उंची!" अण्णा म्हणाले. "आरं, तुझी प्यांट मी शिवतो. दर दिवाळीला तुझी बोट-बोट वाढ बघितली मी. उंची कमी भरली म्हून थाप मारायला तुला शिंपीच घावला का?"

माऊलीला हसू फुटलं आणि त्यातच डोळेही भरून आले. "मग बोलला का नाय?"

"तू बोलशील म्हून थांबलो." अण्णांनी चष्मा काढून धोतराला पुसला. "मला खिसं लावता आलं, लेका. बोलता नाय आलं."

"मला त्या रांगेत उभं राहायचंय, अण्णा."

"मग राहायचं की."

आई कडूबाईनं ऐकलं तेव्हा तिला धसका बसला. पण डॉक्टरांनी तिलाही सगळं नीट समजावलं. पुढं सगळं पार पडल्यावर शेजारणीनं चौकशी केली तेव्हा तिनं सरळ सांगितलं, "गाठ व्हती, काढली." आणि वर चहा पाजला.

ऑपरेशन दीड तासात झालं. जाग आली तेव्हा माऊलीला दुखण्यापेक्षा आवळल्यासारखं जास्त वाटत होतं. छातीवर घट्ट पट्ट्याचं जाकीट होतं आणि दोन बाजूंना आतलं पाणी जायला बारीक नळ्या. दुसऱ्या दिवशी तो चालू लागला, नळ्या निघाल्यावर घरी आला. पाठीवर झोपायचं, हात खांद्याच्या वर न्यायचे नाहीत, जड उचलायचं नाही, जाकीट रात्रंदिवस घालायचं. आई त्याचं डोकं धुऊन देई आणि म्हणे, "लहानपणी असाच गुमान बसला असतास तर!"

पट्टी बदलताना त्यानं पहिल्यांदा आरशात पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. निळं-पिवळं पडलेलं अंग, सूज, जवळजवळ पूर्वीइतकीच छाती. हात लावला तर कातडी बधिर.

"काहीच फरक नाय, अण्णा. वाया गेलं समदं."

"नवं कापड आलं की मी आधी काय करतो?"

"भिजवता."

"ओलं कापड कवा कापलंय का मी? ते सुकतंय, आटतंय, मंग टेप. सूज उतरू दे. तवर मी माप घेणार नाय आन् तूबी घ्यायचं नाय."

माऊलीला पटलं, पण अंगातली उसळी कुठं गप्प बसते? तिसऱ्या आठवड्यात शाळेच्या कापडाचा तागा दारात येऊन पडला. अण्णा बाहेर गेलेले. आता बरं वाटतंय म्हणून त्यानं तो उचलून फळीवर ठेवला. संध्याकाळपर्यंत डावी बाजू फुगली. डॉक्टरांनी सुईनं लालसर पाणी काढलं, जाकीट आणखी आवळलं आणि आवाज न चढवताच म्हणाले, "शरीराला वेळ लागतो. मध्ये लुडबुड करू नकोस."

त्यानंतर मात्र त्यानं लुडबुड केली नाही. दीड महिन्यानं जाकीट सुटलं. डॉक्टरांनी हो म्हटल्यावर आधी चालणं, मग पळणं आणि सगळ्यात शेवटी जोर. सूज हळूहळू उतरली, बधिरपणा सरला. डावीकडे किंचित खोलगट राहिलं, ते शोधणाऱ्यालाच दिसलं असतं.

पावसाळा सरता सरता एका सकाळी धोंडिबांनी गळ्यातला टेप काढला. "ये इकडं."

माऊलीनं शर्ट काढला. अण्णांनी छातीभोवती टेप फिरवला, दोन बोटांची ढिलाई सोडली, आकडा मनाशी म्हटला. टेप काढायला मात्र जरा वेळ लावला. त्या आठवड्यात माऊलीला फिक्या आकाशी रंगाचा, पातळ कापडाचा शर्ट मिळाला. खिसा एकच.

पुढच्या भरतीला तो तोच शर्ट घालून गेला. हवालदाराचा आवाज आला, "शर्ट-बनियन काढा!" माऊलीची बोटं बटणावर क्षणभर थांबली, मग एकेक करून सगळी बटणं सुटली. शर्टाची नीट घडी घालून त्यानं ती हातावर घेतली. कुणीही वळून पाहिलं नाही. टेप छातीभोवती आला.

"फुगव!"

माऊलीनं छाती भरून श्वास घेतला.

"चल, पुढं हो."

घरी आला तेव्हा अण्णा मशीनवरच होते. निकालाला अजून अवकाश होता. आई आतून धावत आली, पण अण्णांनी मान वर न करता विचारलं,

"उंची किती भरली रे?"

"पुरती भरली, अण्णा."

"न्हाय, म्हटलं इचारून घ्यावं," धोंडिबा म्हणाले, आणि हसू लपवायला सुईत दोरा ओवू लागले.