चुलीत बसलेली कोंबडी

"आज तरी तिला उठवा हो आई, हात जोडते तुम्हाला!"

सून चुलीपुढं गुडघे टेकून बसली होती आणि चुलीत कोंबडी बसली होती.

"हात जोड नाहीतर पाय धर," सासू म्हणाली. "एकोणीस दिवस बसलीये बिचारी. दोन दिवस राहिलेत. खाली अकरा अंडी आहेत. तुझ्या साहेबाला म्हणावं, परवा ये."

या सासूला गावात तोफ म्हणत. अर्थात मागून, आणि तेही इकडंतिकडं बघून. सुनेला म्हणत चूलताई, आणि ते मात्र तोंडावर. कारण गेल्या वर्षी कंपनीची माणसं गावात आली, चाळीस घरांना लोखंडी चुली फुकट देऊन गेली आणि त्या चुलींवर लक्ष ठेवायचं काम सुनेच्या गळ्यात पडलं. चूल मोठी गुणाची होती. लाकूड निम्मं लागायचं, धूर नावाला. वर भांडं ठेवायला हे एवढं गोल तोंड, आणि अंगाला चिकटवलेली एक काळी डबी. चूल तापली की डबी तास मोजायची.

चुली का मिळाल्या ते सुनेनं पारावर सगळ्यांना समजावलं होतं. "लांब कुठंतरी एक विमान कंपनी आहे. तिची विमानं धूर सोडतात, त्यात कार्बन असतो. तो त्यांना बंद करता येत नाही. म्हणून ते म्हणतात, आमच्याऐवजी दुसऱ्या कुणीतरी कमी करा, आम्ही त्याचे पैसे देतो. आपण जेवढा धूर वाचवू, तेवढा त्यांच्या नावावरून वजा. याला ऑफसेट म्हणतात. म्हणजे भरपाई."

तेव्हा तोफ मागच्या रांगेतून उडाली होती. "म्हणजे तुपात बुडवून खायचं त्यांनी, उपास करायचा मी, आणि पोट उतरणार त्यांचं?"

पार हसून हसून लोळला. खरं सांगायचं तर कंपनीच्या शिबिरात सुनेलाही हाच प्रश्न पडला होता, पण तिथं चहा आला आणि राहून गेलं.

पण गावाला भरपाईशी काय करायचं होतं? गावाचा जीव अडकला होता गिरणीत. वर्षभर चुली वापरल्या तर कंपनी गावात उन्हावर चालणारी पिठाची गिरणी बसवणार होती. आजवर बायका डोक्यावर दळण घेऊन दीड कोस चालायच्या. सुनेच्या शब्दावर एकोणचाळीस घरांनी जुन्या चुली मोडल्या. मोडली नाही ती फक्त सुनेच्या घरात! "धुराशिवाय स्वयंपाकाला चव नाही," असं म्हणून तोफेनं नव्या चुलीत गवत घातलं आणि थंडी पडल्यावर खुडूक कोंबडी अंड्यांवर बसवली. आता गावाला कुठल्या तोंडानं सांगायचं?

आणि आज मोजणीवाला साहेब आला होता. चाळीस चिठ्ठ्यांतून त्यानं तीन घरं काढली. तिन्ही घरांत चूल वापरात दिसली तर गिरणी, एक जरी नापास झालं तर राम राम. पहिली चिठ्ठी निघाली लोहारणीची. दुसरी गुराख्याची. तिसरी निघाली सुनेच्याच घराची, आणि सून चुलीकडं धावत सुटली.

लोहारणीच्या डबीत रोजचे तीन तास निघाले, गुराख्याच्या घरी चार. निम्मं गाव साहेबामागं चालत आलं. साहेब उंबऱ्यात पोचतो न पोचतो तोच तोफेनं चुलीच्या तोंडावर पातेलं उपडं घातलं.

साहेबानं मोबाईल डबीजवळ धरला आणि त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. "चोवीस तास? रोज? एकोणीस दिवस ही चूल विझलीच नाही?"

"मोठं घर आहे," तोफ म्हणाली.

"किती माणसं?"

"चार."

पातेल्याखालून कुक्‌कुक् आवाज आला. तोफ जोरात खोकली.

"आत काय आहे, आजी?"

"पाणी ठेवलंय. उकळी आली."

"उपड्या पातेल्यात?"

दारात लोहारणीनं तोंडात पदर कोंबला होता. सुनेला एकदम हसू यायला लागलं. रडायच्या वेळी हसू येतं तेव्हा ते आवरत नाही. तिनं ओठ चावले, भिंतीकडं तोंड केलं, खांदे हलायला लागले. शेवटी तिनंच पुढं होऊन पातेलं उचललं.

"कोंबडी आहे, साहेब. खुडूक आहे. या घरात ही चूल एकदाही पेटली नाही. चूक माझी आहे, गावाची नाही. एकोणचाळीस घरं रोज वापरतात, हवं तर सगळी बघा, पण गिरणी घालवू नका हो!"

साहेब वाकून बघायला गेला. कोंबडीनं त्याच्या नाकाचा असा काही समाचार घेतला की तो थेट लाकडांच्या ढिगावर जाऊन बसला. तसाच बसून, एका हातानं नाक धरून, त्यानं ऑफिसला फोन लावला. ऑफिसातल्या बाईंचा आवाज सगळ्या घराला ऐकू येत होता.

"तास किती?"

"चारशे छप्पन्न. पण मॅडम, चुलीत कोंबडी आहे."

"फॉर्ममध्ये कोंबडीचा रकाना आहे का?"

"नाही."

"मग तास भरा आणि पास करा."

"अहो मॅडम, ही ऊब कोंबडीच्या अंगाची आहे!"

"म्हणजे धूर नाही ना? मग झालं तर. अक्षय ऊर्जेत धरा."

फोन बंद झाला. दाराशी उभं असलेलं गाव असं काही फुटलं की हसता हसता गुराख्याची बायको दाराला धरून खाली बसली. गिरणी मिळाली! लोहारणीनं सुनेला उचलून गरकन फिरवलं. सुनेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते कशाचं ते तिचं तिलाही कळत नव्हतं.

तोफ तेवढी साहेबापुढं जाऊन उभी राहिली.

"साहेब," ती म्हणाली, "मी तर रोज जुन्या चुलीवर धूर केला. तो धूर गेला कुठं?"

"हवेत, आजी."

"आणि तो विमानवाला? तो समजणार की मी वाचवला?"

"हो."

"म्हणून तोही सोडणार?"

"हो."

"म्हणजे दोघांनी धूर केला, आणि कागदावर एकाचाही नाही?"

साहेबानं मान खाली घातली. "तसंच झालं."

"वा रे वा! आणि ही सून वर्षभर उन्हातान्हात चाळीस घरं फिरली, तिचं नाव नाही, आणि पास झाली कोंबडी! उद्या दळायला गेले की लोक म्हणतील, तोफेनं गावाला कोंबडीच्या पुण्याईवर गिरणी आणली. असलं फुकटचं मला नको."

कुणी काही बोलायच्या आत तिनं कोपऱ्यातली पहार उचलली आणि तीस वर्षांच्या जुन्या चुलीवर घातली. एक घाव, दोन घाव, तिसऱ्याला चूल ढासळली. राख सगळ्यांच्या केसांवर उडाली. सून "आई!" म्हणून ओरडली आणि राखेसकट तिच्या गळ्यात पडली.

"सोड गं, दम लागलाय मला," तोफ म्हणाली, पण तिनंही सुनेला सोडलं नाही.

तेवढ्यात सासरे मुलाला घेऊन रानातून आले. सकाळपासून औत धरलं होतं, पोटात कावळे ओरडत होते. त्यांनी मोडलेली चूल बघितली, नव्या चुलीत ठाण मांडून बसलेली कोंबडी बघितली, आणि राखेनं माखलेल्या बायकोला विचारलं, "मग आज स्वयंपाक कशावर?"

"ते कोंबडीला विचारा," तोफ म्हणाली. "परवापर्यंत चूल तिची आहे."

लोहारणीनं चौघांच्या हातात ताटं दिली आणि सगळ्यांना आपल्या घरी घेऊन गेली.