शेवंतीला मराठी कळत नाही

आईच्या आयुष्यातल्या शेवटच्या संध्याकाळी रोहिणी तिला म्हणाली, "आई, जरा मोबाईलकडे तोंड करून बोल ना."

म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून, गुडघ्यांत चरवी धरून धार काढणाऱ्या बाईला मोबाईलकडे तोंड करता येत नाही, हे कळायला फार शिक्षण लागत नाही. रोहिणीचं शिक्षण त्याहून बरंच जास्त झालं होतं. ती राहात्याला एका कॉलेजात मराठी शिकवायची आणि सुट्टी मिळाली की आईची बोली वाचवायला डोंगर चढून यायची.

"मला कशाला तोंड फिरवाया लावतीस? तुजं यंत्रच घाल शेवंतीच्या कासंत," आई म्हणाली.

उंबरदरा ही अकोले तालुक्यातली डोंगरावरची वाडी. एसटी पायथ्याच्या गावापर्यंत येते आणि पुढचा चढ बघून परत फिरते. या वाडीची स्वतःची एक बोली होती. तिला नाव नव्हतं. बोलणारे तिला 'आपलं' म्हणत, खालच्या गावातले 'ते वरचं' म्हणत. बिननावाच्या गोष्टीवर विद्यापीठ पदवी देत नाही म्हणून रोहिणीनं प्रबंधात तिला नाव दिलं: 'उत्तर सह्याद्रीतील एक अस्तंगत उपबोली'. ते आईला वाचून दाखवलं तेव्हा आई म्हणाली, "येवढं म्हनंपर्यंत मानूस काय सांगायचं त्येच इसरंल."

बोलणारे एकेक करून गेले. काही वर गेले, काही टोमॅटो तोडायला नारायणगावला गेले आणि तिकडेच राहिले. मागे राहिली ती आई आणि तिचं बोलणं समजणारी शेवंती म्हैस. रोहिणीला ती बोली अर्थातच येत होती. तिच्यातलं प्रत्येक क्रियापद कसं चालतं हे ती फळ्यावर मांडून दाखवू शकत होती. फक्त ती बोलायची नाही. लहानपणी आश्रमशाळेत गेल्यावर मराठीत उत्तर द्यायची सवय लागली आणि मोठेपणी प्रबंध झाला. प्रबंध झाल्यावर तर चूक करायची सोयच राहिली नाही. जगातली एकमेव तज्ज्ञ आईसमोर अडखळली असती तर कसं दिसलं असतं?

त्या संध्याकाळी आई नेहमीसारखी शेवंतीला दिवसभराच्या बातम्या सांगत होती. रेशनचा तांदूळ कसा आला, कुणाची शेळी कुठे सापडली, पायाचं बोट कशाला ठेचलं. सगळं त्या बोलीत, सलग, मध्ये न थांबता. पावसाळ्यात शेवंतीचं रेडकू गेलं तेव्हापासून ती या बोलण्यावरच पान्हा सोडायची. आई थांबली की धार थांबायची.

"आई, धुक्याला आपल्यात काय म्हणतात?" रोहिणीनं मध्येच विचारलं.

"धुकं."

"ते मराठीत. आपल्यात?"

आईनं हात न थांबवता विचार केला. "तुज्याशी बोलताना धुकंच येतं तोंडात. तू मराठीत इचारतीस, मी मराठीत सांगती. तिला बग," तिनं शेवंतीच्या मांडीवर थाप मारली, "ती न्हाई मधी मधी इचारत."

मग घरात ताज्या दुधाचा चहा झाला. रोहिणीनं तो बिनसाखरेचा मागितला आणि त्यावरून आईनं बरंच सुनावलं. त्यात नोंद घेण्यासारखं काही नसल्यामुळे रोहिणीनं मोबाईल बंद ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई चूल पेटवायला बसली ती उठली नाही. पायथ्याहून डॉक्टर येईपर्यंत डॉक्टरची गरज संपली होती.

रोहिणी रडली नाही. तिनं संदेश लिहिला. कॉलेजच्या ग्रुपवर, नातेवाइकांच्या ग्रुपवर आणि बोली अभ्यासकांच्या ग्रुपवर, प्रत्येक ठिकाणी वेगळ्या शब्दांत. 'दुःखद निधन' या शब्दांना तिचा एरवी आक्षेप असे, निधन सुखद झालं असतं तर तसं लिहिलं असतं का, असं ती वर्गात विचारायची. या वेळी तिनं 'दुःखद' तसंच राहू दिलं. चुलतभाऊ गोरक्ष राजूरहून श्रद्धांजलीचा फ्लेक्स करून घेऊन आला, त्यात 'भावपूर्ण'मधला रफार भलत्याच अक्षरावर होता. तो तिनं स्टुलावर चढून काळ्या मार्करनं दुरुस्त केला. खाली उभी असलेली माणसं म्हणाली, पोरगी लई धीराची. पोरगी त्या वेळी आणखी एक वेलांटी शोधत होती.

लोक पांगल्यावर गोठ्याची आठवण झाली. आई गेल्यापासून शेवंतीनं दूध दिलं नव्हतं. पहिल्या दिवशी कुणाला सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी गोरक्ष धार काढायला बसला आणि लाथ खाऊन उठला. तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिची कास दगडासारखी घट्ट झाली, हात लावला की ती थरथरायची.

"ताई, आसंच ऱ्हायलं तर कास जाईल तिची," गोरक्ष म्हणाला. "पान्ह्याचं इंजेक्शन मिळतंय चोरून. न्हाईतर बाजार दाखवायचा."

"इंजेक्शन नको. आणि विकायची नाही," रोहिणी म्हणाली. हे ती इतक्या जोरात म्हणाली की दोघंही जरा चपापली.

"मग धार काढ तू."

शेजारच्या गोजरबाई दारात उभ्या होत्या. त्या लग्न होऊन खालच्या गावातून आलेल्या. चाळीस पावसाळे या वाडीत काढूनही ती बोली त्यांच्या जिभेवर बसली नव्हती. "सरकी घाला न्हाईतर गूळ घाला, काय उपेग न्हाई," त्या म्हणाल्या. "तिला तुज्या आईचं बोलनं लागतंय. मराठी कळत न्हाई तिला."

रोहिणीचे डोळे चमकले. आईचं बोलणं तिच्या मोबाईलमध्ये तासन्‌तास साठवलेलं होतं. बोलीभाषांचं ध्वनिमुद्रण का करावं या विषयावर तिनं तीन परिसंवादांत भाषण केलं होतं, पण म्हशीसाठी, हे कारण एकदाही सुचलं नव्हतं. तिनं मोबाईल गोठ्यातल्या खुंटीला अडकवला, चरवी गुडघ्यांत धरली आणि गोरक्षला बटण दाबायला सांगितलं.

आईचा आवाज आला.

रोहिणीनं चरवीची कड घट्ट धरली. तीन दिवसांत तिनं हा आवाज ऐकला नव्हता, ऐकायचा असं ठरवलंही नव्हतं. शेवंतीचे कान ताठ झाले, मग सैल पडले. तिनं एक लांब श्वास सोडला. रोहिणीच्या बोटांखाली कास मऊ झाली आणि पहिली धार चरवीत वाजली. दुसरी वाजली. गोजरबाईंनी तोंडाला पदर लावला.

"आई, थांब," मोबाईलमधून एक स्वच्छ, ठाम, सुशिक्षित आवाज आला. "ते शेवटचं क्रियापद परत एकदा म्हण."

शेवंतीनं लाथ झाडली. चरवी भिंतीपर्यंत गेली.

"ताई," गोरक्ष जपून म्हणाला, "ह्या मधल्या बाईला काढून टाकता येत न्हाई का?"

"ती मधली बाई मीच आहे."

"त्ये वळखलं मी."

दुसरी फाईल लावली. तिच्यात आई विहिरीची गोष्ट सांगत होती आणि ऐन भरात आल्यावर मधली बाई विचारत होती, विहिरीचं अनेकवचन काय? तिसऱ्या फाईलमध्ये पाऊण वेळ मधली बाईच आईला आईच्या बोलीचं वैशिष्ट्य समजावून सांगत होती आणि आई "व्हय, व्हय" म्हणत होती. मराठीत. इतकी वर्षं रोहिणीनं जपून ठेवलेल्या दुर्मिळ ठेव्यात दुर्मिळ असं काही असेल तर तो रोहिणीचा स्वतःचा आवाज नव्हता. तो जिकडे तिकडे होता.

"मग तूच बोल की," गोजरबाई म्हणाल्या.

"मी?"

"येती न्हवं तुला? का नुसतीच पुस्तकात येती?"

ती अगदी नुसतीच पुस्तकात येत होती. रोहिणी परत खाली बसली, घसा साफ केला आणि जे तोंडपाठ होतं तिथून सुरुवात केली. ते तिच्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण होतं. त्या बोलीत, एकही चूक न करता, ती शेवंतीला म्हणाली: मी बसते. तू बसतेस. ती बसते.

शेवंती बसली.

बसलेल्या म्हशीची धार काढता येत नाही. "समजलं बग तिला," गोजरबाई म्हणाल्या, आणि तिसऱ्या दिवसाच्या त्या घरात हसू नये म्हणून दोघी वेगवेगळ्या भिंतींकडे बघत राहिल्या. गोरक्षनं शेपटी पिरगाळून शेवंतीला उठवलं. त्याची हसायची इच्छा नव्हती. म्हैस कण्हत होती.

"ताई, आता खेळ पुरं. मी कातळावर जातो, तितं रेंज हाय. इंजेक्शनवाल्याला फोन लावतो. तो आल्यावर तू घरात जा, बगू नगंस." तो गेला. ऊन उतरायला लागलं तशा गोजरबाईही कोंबड्या झाकायला गेल्या.

रोहिणीनं मोबाईल खुंटीवरून काढून घराच्या ओट्यावर ठेवला. परत येऊन आईसारखं शेवंतीच्या पोटाला डोकं टेकवलं. केस विस्कटले, उबदार, जरासा आंबूस वास आला. मग आई काय बोलायची ते आठवलं. आई व्याकरण सांगायची नाही. ती बातम्या सांगायची.

"फ्लेक्सवर चूक होती," रोहिणी त्या बोलीत म्हणाली. पहिल्याच वाक्यात तिनं क्रियापद चुकवलं. कुणी हसलं नाही. शेवंतीनं फक्त कान हलवला.

तिचं बोलणं इथे सरळ मराठीत दिलं आहे, गोठ्यात ते पुष्कळ अडखळत होतं. ती म्हणाली, गोरक्षनं फ्लेक्सवरचा फोटो मतदानकार्डावरून घेतला, त्यात आई कुणावर तरी रागावलेली दिसते. ती म्हणाली, भेटायला आलेला एक नातेवाईक मला माझा पगार विचारून गेला. माझा गुडघा दुखतो. राहात्याला माझ्या दारात पेरूचं झाड आहे, त्याचे पेरू शेजारी नेतात आणि मी त्यांना काही बोलत नाही, फक्त मनातल्या मनात भाषण करते. बिनसाखरेचा चहा मला मुळीच आवडत नाही, पण डॉक्टरनं सांगितलंय आणि ते मी घरी कुणाला सांगितलेलं नाही.

कुठल्या बातमीवर ते कळलं नाही, पण बोटांखालची कास सैल झाली. धार चरवीत पडली, मग दुसरी, आणि थोड्याच वेळात दोन्ही हातांना ठेका सापडला. रोहिणी बोलत राहिली. आठवत नाही तो शब्द ती गाळत होती, कधी त्या जागी भलताच घालत होती. इतकं अशुद्ध ती आयुष्यात कुणाशी बोलली नव्हती. कॉलेजातल्या जिन्याचा रंग सांगून झाला, एसटीतल्या भांडणाचं सांगून झालं. चरवीत फेस वर येऊ लागला.

आणि बातम्या संपल्या.

धार बारीक झाली. मागचे दोन सड अजून घट्ट होते. रोहिणी पुढचं काही शोधू लागली, पण पेरू दोनदा सांगता येत नाहीत. शेवंतीनं रवंथ थांबवून मान मागे वळवली. खाली उतरणाऱ्या वाटेवर गोरक्ष फोनवर जोरजोरात बोलत परत येताना ऐकू येत होता.

एकच बातमी उरली होती. ती तीन ग्रुपांवर तीन तऱ्हांनी लिहून झाली होती, फ्लेक्सवर छापून दुरुस्तही झाली होती. तोंडानं ती रोहिणीनं कुणालाच सांगितली नव्हती. या घरात ती शेवंतीलाही कुणी सांगितली नव्हती, सगळे तिला सरकी घालत होते. 'निधन' म्हणावं तर त्या बोलीत निधन नव्हतं.

रोहिणीनं कपाळ म्हशीच्या कुशीत आणखी दाबलं आणि आईच्या बोलीत, मोठ्यानं, म्हणाली,

"शेवंते, माझी आई मेली."