सातव्या प्रकरणाची लाल चिठ्ठी

मित्रांनो, मला जुनी म्हणायचे की नाही ते तुम्हीच ठरवा. वयाने मी अवघी सहा वर्षांची कादंबरी आहे. पण माझ्या पाठीचा डिंक सुटला आहे, एकशेचाळिसाव्या पानावर चहाच्या कपाचा गोल डाग आहे आणि माझ्या पानापानांवर हिरव्या, पिवळ्या, लाल अशा एकोणसाठ चिठ्ठ्या चिकटलेल्या आहेत. माझ्यासोबत छापल्या गेलेल्या कित्येक प्रती काचेच्या कपाटात अजून गोऱ्यापान बसल्या असतील. बसू द्या बिचाऱ्यांना. मला माझ्या अवताराची लाज वाटत नाही, उलट थोडा गर्वच आहे.

माझे नाव 'मयताची बढती'. माझे लेखक दत्तू भोये सुरगाण्याला राहतात. ते असे काही लिहितात की वाचणाऱ्याला आधी हसू फुटते आणि मग आपण कशाला हसलो, म्हणून तो गप्प होतो. माझ्यात एका कारकुनाची गोष्ट आहे. तो पहिल्याच पानावर मरतो. पण मरणाची नोंद करायची तर अर्जावर मयताने स्वतः हजर राहून सही करायला हवी, असा कचेरीचा नियम निघतो. सही होत नाही, म्हणून नोंद होत नाही, म्हणून तो कामावरच आहे असे धरले जाते. तो रजा मागत नाही, उलट बोलत नाही, त्यामुळे त्याला बढती मिळते आणि शेवटी आदर्श कर्मचारी म्हणून त्याचा सत्कारही होतो. माझ्या मुखपृष्ठावर रिकाम्या खुर्चीला हार घातलेला आहे, तो त्याच सत्काराचा.

नाशिकच्या एका पुस्तक प्रदर्शनात मला सुनील पगारे भेटला. त्याने उभ्या उभ्या माझी बावीस पाने वाचली आणि भर गर्दीत एकटाच खो खो हसला. दुकानदाराने डोळे वटारले, तेव्हा कुठे स्वारीने खिशात हात घातला. घरी नेऊन त्याने मला कारखान्यातल्या पॅकिंगच्या प्लॅस्टिकचे कव्हर घातले. इतके घट्ट की मला श्वास घेता येईना, पण कौतुक होते ते, म्हणून मी तक्रार केली नाही.

सुनील नाशिकमध्येच अंबडला एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतो. त्याची बायको सविता आणि मित्र मनोज हेही त्याच विभागातले. तयार झालेला प्रत्येक सुटा भाग मोजायचा, बघायचा आणि त्याला चिठ्ठी लावायची, हे त्यांचे काम. माल बरोबर असेल तर हिरवी, दुरुस्त होण्यासारखा असेल तर पिवळी, आणि वायाच गेला असेल तर लाल. लाल चिठ्ठी मात्र अशीच चिकटवून चालत नाही. तिच्यावर दोष कोणता, कारण काय, हे लिहून खाली तपासणाऱ्याने सही करायची असते. आठवडाभर हेच करणारी माणसे रविवारी तरी वेगळी कशी वागणार? त्यांनी उरलेल्या जुन्या चिठ्ठ्या घरी आणल्या आणि माझीच तपासणी सुरू केली.

तिघेही भोयेंचे वेडे चाहते. दर रविवारी सकाळी सुनीलच्या घरी एक जण मोठ्याने वाचायचा, बाकीचे ऐकायचे आणि मग भांडण जुंपायचे.

"बॉस, 'खड्ड्यांचा महापौर' ती एक नंबर," मनोज म्हणायचा. "तिच्यापुढे ही पाणी कम."

"तू हिचा शेवट वाचला नाहीस अजून, म्हणून बोलतोय," सुनील माझी बाजू घ्यायचा.

"शेवट राहू दे. तुमच्या भोयेसरांच्या बायका बघा आधी," सविता म्हणायची. "एक तर चहा करतात, नाहीतर रडतात. चार कादंबऱ्या झाल्या, एकीला तरी धड डोकं दिलंय का?"

असे म्हणून ती एक पिवळी चिठ्ठी चिकटवायची. सुनील तिच्या शेजारी मुद्दाम हिरवी चिकटवायचा. मला गुदगुल्या व्हायच्या. मित्रांनो, ज्या पुस्तकावरून कुणी भांडत नाही ते पुस्तक फार एकटे असते, हे मी कपाटातल्या शेजाऱ्यांकडे बघून सांगते.

सुनीलची आई वत्सलाबाई त्या वेळी स्वयंपाकघरात असायच्या. त्या पिंपळगाव बसवंतजवळच्या खेड्यातल्या. तिथे द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये घड निवडून, खोक्यांत भरून त्यांनी एकट्याने सुनीलला वाढवले. सुनीलचे वडील पुंजा पगारे एका कचेरीत कारकून होते. सुनील चौथीत असताना ते गेले. दिवाणखान्यात बाबासाहेबांच्या तसबिरीखाली त्यांचा छोटा फोटो आहे. वत्सलाबाई तो रोज पुसायच्या, पण त्यांच्याविषयी कधी बोलायच्या नाहीत. सुनीलही विचारायचा नाही.

एका रविवारी सातवे प्रकरण आले. त्यात मेलेल्या कारकुनाची बायको कचेरीत येते, साहेबाच्या पायांवर पडून हंबरडा फोडते. साहेब तिला डोळे पुसायला रुमाल देतो आणि मग रुमाल मिळाल्याची पोच लिहून मागतो. वाचायची पाळी मनोजची होती. त्याच्या अंगात नाटक शिरले. त्याने सविताची ओढणी डोक्यावर घेतली, जमिनीवर लोळण घेतली आणि "अहो साहेब, मेले हो माझे मालक!" म्हणून असा गळा काढला की सुनील हसून हसून आडवा झाला. एरवी चिडणारी सविताही हसली. खोटे कशाला बोलू, मीही फुलले होते. आपल्या ओळींवर माणसे लोळताहेत, याहून पुस्तकाला काय हवे?

स्वयंपाकघरातला गॅस बंद झाल्याचा आवाज आला. वत्सलाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बास झालं," त्या म्हणाल्या. "इथून पुढं हे वाचन माझ्या घरात नको."

"आई, अगं गंमत आहे ती. पुस्तकातली..."

"नको म्हणलं ना."

मनोजने ओढणी घडी करून ठेवली आणि चपला घालून निघून गेला. त्या दिवसापासून वाचन बंद पडले. वाईट म्हणजे, मायलेकांचे बोलणेही बंद पडले. जेवायला वाढलंय, दूध संपलंय, एवढेच. सुनीलला आईचे काय दुखावले ते कळेना, आणि विचारायचा धीरही होईना. मी कपाटावर धूळ खात पडले. आपल्यामुळे एका घरात अबोला आला, हे मला फार लागले. छापखान्यात कुणी मला हे सांगितले नव्हते.

मग एका दुपारी, सगळे कामावर गेल्यावर, वत्सलाबाईंनी मला खाली काढले. आधी पदराने पुसले. चष्मा लावला. सातवीपर्यंत शिकलेल्या त्या बाई ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत मला वाचू लागल्या. चार दुपारी त्या वाचत होत्या. तिसऱ्या प्रकरणात, मयताने स्वतः हजर राहावे या ओळीवर, त्या चक्क हसल्या. मग पुंजांच्या फोटोकडे बघून म्हणाल्या, "आपल्याला तर तुमचे दोन फोटो बी मागितले होते, नाय का हो?"

पण सातव्या प्रकरणापाशी त्यांचे बोट थांबले. मग त्या उठल्या, सुनीलच्या खणातून एक लाल चिठ्ठी काढली आणि टेबलाशी बसून, जपून जपून, सगळे रकाने भरले आणि खाली पूर्ण नावाने सही केली. चिठ्ठी त्या पानावर चिकटवली आणि मला होते तिथे ठेवून दिले. मी एकटीच त्याची साक्षीदार होते आणि मला तोंड नव्हते.

इकडे सुनीलने ठरवले की घरातली कटकट मिटवायची तर मलाच घराबाहेर काढावे. त्याने मला कारखान्यात नेले. चहाच्या सुट्टीत मनोज म्हणाला, "भोयेसर वाचकांच्या प्रतीवर सही करून परत पाठवतात म्हणे. हिला पाठवू. सही आली की सगळ्यांचा मूड येईल." सगळ्यांना ते पटले. फक्त चिठ्ठ्या काढून पाठवायचे ठरले. आपल्या लाडक्या लेखकाला रिजेक्टच्या चिठ्ठ्या कोण पाठवेल?

आता ऐका, तीन तपासनीस एकत्र आले की काय होते ते. सुनीलला वाटले, चिठ्ठ्या सविता काढेल. सविताला वाटले, सुनीलने काढल्याच असतील. शेवटची तपासणी मनोजकडे होती, पण दोघांच्या हातून माल तपासून आलाय म्हटल्यावर त्याने मला न उघडताच खोक्यात घातले, चिकटपट्टी मारली आणि वर हिरवी चिठ्ठी लावली. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका धरणाऱ्या तिघांनी मला एकोणसाठ चिठ्ठ्यांसकट सुरगाण्याला रवाना केले.

तिथे मी काय पाहिले ते थोडक्यात सांगते. दत्तू भोये मला उलटत गेले. पिवळ्या चिठ्ठ्यांवर हसले, एकदा "अरे बापरे" म्हणाले. सातव्या प्रकरणावर आले आणि त्यांनी लिहायचे पेन खाली ठेवले. ते पान त्यांनी तीनदा वाचले.

तीन आठवड्यांनी मी नाशिकला परत आले. कुरिअरवाल्याने दार वाजवून विचारले, "तपासनीस मॅडम आहेत का? वत्सलाबाई पुंजा पगारे?" वत्सलाबाईंना आधी वाटले, पत्ता चुकला. मग खोक्यावर आपले नाव बघून त्या तशाच बसून राहिल्या. संध्याकाळी तिघे आले, मनोजलाही दारापर्यंत खेचून आणले होते. सुनीलने खोके उघडले.

"सही कुठंय?" मनोजने माझे पहिले पान उलटून पालटून पाहिले. सही नव्हती. आत एक पत्र होते. सुनीलने ते मोठ्याने वाचले.

"वत्सलाबाई, सप्रेम नमस्कार. माझ्या पुस्तकांची तारीफ करणारी पत्रे येतात, शिव्या देणारीही येतात. पण दोष काय आणि कारण काय, हे सहीनिशी सांगणारे तुमच्यासारखे कुणी भेटले नव्हते. ती बाई मी कधी पाहिलेली नाही. मनानेच लिहिली आणि तिला रडवून मोकळा झालो. नवी आवृत्ती छापायची आहे. तुम्ही परवानगी दिलीत तर तुम्ही सांगितले तसे लिहितो. नाही दिलीत तर ते प्रकरणच काढून टाकतो. तुम्ही पास करेपर्यंत या प्रतीवर सही करायचा मला अधिकार नाही. तुमचा, दत्तू भोये."

सुनीलने माझे सातवे प्रकरण उघडले. लाल चिठ्ठीवर आईचे अक्षर होते. दोष या रकान्यात लिहिले होते, 'बाई साहेबाच्या पाया पडून रडते.' कारण या रकान्यात लिहिले होते, 'बाई ऑफिसात रडत नाही. रडली तर साहेब म्हणतो, शांत झाल्यावर या, आणि तो दिवस फुकट जातो. काम होईपर्यंत ती गप उभी राहते. मग बाहेर नळावर जाऊन तोंड धुते. ओल्या तोंडावर रडलेलं कळत नाही. संगती पोरगं असतं.'

मनोजने मान खाली घातली.

"आई," सुनील म्हणाला, "आपण नाशिकला यायचो ते..."

"तीन वर्षं येत होतो. तुझा बाप गेला, एवढं लिहून घ्यायला."

"पण मला वाटायचं, आपण फिरायला यायचो. एसटीत खिडकी मिळायची. त्या लिंबाखालच्या बाकावर बसून मी वडापाव खायचो. शाळेत पोरांना सांगायचो मी, आमची आई मला दर महिन्याला नाशिकला फिरायला नेते."

"तुला तसंच वाटावं म्हणून तर नळावर जायची मी."

सुनीलला रडू कोसळले. चाळिशीला आलेला गडी, आईच्या गुडघ्यावर डोके ठेवून हमसून हमसून रडला. वत्सलाबाईंनी त्याच्या केसांतून हात फिरवला.

"रड," त्या म्हणाल्या. "इथं कोण साहेब नाय."

मित्रांनो, मी हजारो वाक्यांची बनलेली आहे. पण त्या वाक्याच्या तोडीचे माझ्यात एकही नाही, हे मी मोकळ्या मनाने कबूल करते.

मग वत्सलाबाईंनी परवानगी दिली. "लिहू दे त्यांना. माझं नाव नको. आणि मे महिन्यात नळाला पाणी कढत यायचं, ते बी लिहा म्हणावं." मनोज पुढे येऊन पुटपुटला, "आई, मी ती ओढणी घेऊन... लय चुकलं माझं." वत्सलाबाई म्हणाल्या, "तुला काय ठाऊक होतं? रविवारी ये. त्या बाईचं वाचायचं काम आता माझं."

नवी आवृत्ती आली. तिच्यात कढत पाण्याचा नळ आहे. ती सुंदर आहे, डिंक पक्का आहे आणि तिच्यावर दत्तू भोयेंची सहीसुद्धा आहे. तिला पाहून मला हेवा वाटला, माझे दिवस संपले असेही वाटले. सविता माझी लाल चिठ्ठी काढायला लागली, तर वत्सलाबाईंनी तिचा हात धरला. "हिच्यात ती बाई अजून पायावर पडलेलीच हाय. राहू दे चिठ्ठी." म्हणून मी रविवारी अजूनही बाहेर निघते, अशी खिळखिळी, सहीवाचून.

पुस्तके जपा, कव्हर घाला, पाने दुमडू नका, हे तुम्हाला शाळेत सांगतातच. माझे मागणे थोडे वेगळे आहे. मला भरपूर वाचा, माझ्यावरून भांडा, पोट धरून हसा. पण घरात सगळे हसत असताना एखादे माणूस हसत नसेल, तर मला उपडी ठेवून आधी त्याच्यापाशी जाऊन बसा. मी थांबते. मला कुठे जायचे असते?